दिवा आणि नोंदवही : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवनकार्य

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडील परिचारिका महाविद्यालयांत नव्या विद्यार्थिनी हाती पेटता दिवा घेऊन सेवेची शपथ घेतात, तेव्हा त्या सोहळ्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची मूर्ती उभी असते. काळोख्या इस्पितळात, जखमी सैनिकांच्या खाटांमधून हाती दिवा घेऊन चाललेली ती कृश स्त्री आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. हे चित्र खोटे नाही. (चित्रातला दिवा मात्र चित्रकारांनी बदलला. त्यांच्या हाती तेलाची समई नव्हती, घड्या पडणारा साधा तुर्की कंदील होता.) परंतु हे चित्र अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. दिव्याच्या उजेडात त्यांनी जे पाहिले ते नोंदवहीत उतरवले, त्या नोंदींची बेरीज-वजाबाकी केली आणि त्या आकड्यांनी राज्यकर्त्यांना व स्वतःलाही जाब विचारला. रुग्णसेवेत संशोधनाची वाट त्यांच्यापासून सुरू होते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादी मुलगी वा सून परिचारिका आहे. त्यांच्यासाठी या थोर स्त्रीच्या जीवनाची ही दुसरी बाजू आम्ही येथे मांडत आहोत.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला व त्या नगरीचेच नाव तिला मिळाले. आईवडील श्रीमंत इंग्रज होते. डर्बीशायर व हॅम्पशायर या परगण्यांत त्यांची प्रशस्त घरे होती. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी. गोळा केलेले शिंपले, बागेतली फळे-भाज्या यांची ती लहानपणी कोष्टके करीत असे. मुलीने नीटनेटके लग्न करून घर सांभाळावे, ही आईची इच्छा होती आणि त्या काळच्या मानाने ती गैर म्हणता येणार नाही.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, परमेश्वराने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावले असा अनुभव तिला आला. ही हाक कशासाठी आहे, हे मात्र तिला पुढे कित्येक वर्षे उमगले नाही. उमगले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडमधील इस्पितळांत काम करणाऱ्या बायकांची प्रतिष्ठा अत्यंत हलकी होती आणि मद्यपानासाठी त्या बदनाम होत्या. १८४५ मध्ये सॉल्झबरीच्या इस्पितळात काही महिने शिकण्याची परवानगी तिने मागितली, ती घरच्यांनी साफ नाकारली. मग या मुलीने दुसरा मार्ग धरला. घर जागे होण्याआधी पहाटे उठून, मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल ती वाचू लागली व त्यांतील आकड्यांची टिपणे काढू लागली. दिवसा ती पाहुण्यांची सरबराई करी. एका सुयोग्य वराची मागणीही तिने १८४९ मध्ये परत पाठवली.

१८४७-४८ च्या हिवाळ्यात ती कुटुंबाच्या स्नेह्यांसोबत रोमला गेली. तेथे त्रिनिता देई माँती येथील पवित्र हृदयाच्या धर्मभगिनींच्या मठात तिने दहा दिवस एकांतवासात घालवले. स्त्रियांना शिस्त, शिक्षण व आयुष्यभराचे काम देणारी अशी व्यवस्था आपल्या अँग्लिकन चर्चमध्ये नाही, याची खंत तिच्या मनात घर करून राहिली. पुढे कार्डिनल झालेले हेन्री मॅनिंग यांची ओळख त्याच प्रवासातली. मॅनिंग १८५१ मध्ये कॅथलिक झाले. त्यानंतरच्या वर्षी फ्लॉरेन्सच्या मनातही कॅथलिक ख्रिस्तसभेत येण्याचा विचार प्रबळ झाला होता व त्या संदर्भात तिने त्यांना पत्रे लिहिली. तसे घडले नाही. धर्मसिद्धान्तांविषयीचे तिचे प्रश्न सुटले नाहीत आणि ती अखेरपर्यंत अँग्लिकनच राहिली. तिचे मोठेपण सांगण्यासाठी तिला आपल्यात ओढून घेण्याची काही गरज आम्हांस वाटत नाही.

जर्मनीतील कायझरस्वर्थ येथे पास्टर फ्लीडनर यांच्या संस्थेत १८५१ साली तीन महिने तिने प्रत्यक्ष शुश्रूषेचे धडे घेतले. १८५३ मध्ये ती पॅरिसला गेली. तेथील इस्पितळे तिने पाहिली, शिवाय इंग्लंड, फ्रान्स व जर्मनीतील इस्पितळांना प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली. त्याच वर्षी लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाची ती अधीक्षक झाली. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. येथून पुढे आपण तिला फ्लॉरेन्सबाई म्हणू.

१८५४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत छापून आल्या व देश हादरला. युद्धखात्यातील मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सबाईंचे रोमपासूनचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी त्या ३८ परिचारिकांसह निघाल्या. या ३८ जणींत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. त्यांतील पाच लंडनमधील बर्मंडसी येथील मर्सी संघाच्या मठातील होत्या. साउथवर्कचे बिशप थॉमस ग्रँट यांच्या सांगण्यावरून मदर मेरी क्लेअर मूर यांनी आपल्या चार भगिनींसह प्रस्थान ठेवले होते. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये याविषयी बरीच कुजबुज झाली. या धर्मभगिनी मरणाऱ्या सैनिकांचे धर्मांतर घडवतील अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. मदर क्लेअर मात्र शांतपणे स्वयंपाकघर, कोठार व रुग्णांचे वॉर्ड सांभाळीत राहिल्या. या कामाच्या प्रमुखपदाला आपल्यापेक्षा मदर क्लेअर अधिक लायक होत्या, असे फ्लॉरेन्सबाईंनी पुढे स्वतःच त्यांना पत्राने कळवले.

सर्वच भगिनींशी त्यांचे असे जुळले, असे नव्हे. डिसेंबर १८५४ मध्ये मदर फ्रान्सिस ब्रिजमन यांच्या नेतृत्वाखाली आयर्लंडमधून १५ मर्सी भगिनींची दुसरी तुकडी आली. आपल्या भगिनींवर अधिकार कोणाचा, या प्रश्नावरून दोघींत तीव्र मतभेद झाले व ते अखेरपर्यंत मिटले नाहीत. दोघी कर्तबगार, दोघी प्रार्थनाशील आणि दोघीही हट्टी. धर्मग्रामांतील मंडळांच्या बैठका पाहिलेल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटू नये.

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ. इस्तंबूलसमोर स्कुटारी येथे तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक इस्पितळ म्हणून वापरात होती. इमारतीखाली तुंबलेली गटारे होती, भिंती ओलसर होत्या, हवा येण्यास वाट नव्हती आणि खाटा एकमेकींना खेटून लावलेल्या होत्या. सैनिक येत ते जखमांपेक्षा हगवण, कॉलरा व ज्वर यांनी गलितगात्र होऊन. फ्लॉरेन्सबाईंनी कपडे धुण्याची सोय केली, पथ्याचे जेवण सुरू केले, अंथरुणे-सदरे विकत घेतले आणि रात्ररात्र फेऱ्या घातल्या. सैनिक त्यांना देवदूत मानू लागले. परंतु मृत्यू थांबले नाहीत. हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावत होते.

मार्च १८५५ मध्ये डॉ. जॉन सदरलंड व अभियंते रॉबर्ट रॉलिन्सन यांचा समावेश असलेले स्वच्छता आयोगाचे पथक लंडनहून आले. त्यांनी गटारे उपसून धुतली, कचरा व मेलेली जनावरे हलवली, पिण्याचे पाणी शुद्ध केले, भिंतींना चुना लावला व वारा खेळता केला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास आले. परिचारिका त्याच होत्या आणि त्यांची माया पूर्वीचीच होती. बदलली होती ती इमारत.

मे १८५५ मध्ये फ्लॉरेन्सबाई स्वतः तापाने मरणाच्या दारी जाऊन आल्या. त्या दुखण्याने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. युद्ध संपल्यावर १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या गाजावाजा टाळून, टोपणनावाने प्रवास करीत लंडनला पोहोचल्या आणि घरी जाण्याआधी सकाळी बर्मंडसीच्या मठाचे दार त्यांनी ठोठावले. मदर क्लेअर व इतर भगिनींसमवेत प्रार्थना करून मग त्यांनी घरची आगगाडी पकडली.

सारा देश त्यांचा जयजयकार करीत असताना त्या मात्र कागदपत्रे घेऊन बसल्या. शासकीय जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ डॉ. विल्यम फार त्यांच्या मदतीला होते. युद्धकाळात त्यांची समजूत अशी होती की, सैनिक मुख्यतः उपासमार, अतिश्रम व उशिरा पोहोचलेले उपचार यांमुळे मरतात. आकडे वेगळेच काही सांगू लागले. जानेवारी १८५५ या एका महिन्यात जखमांनी ८३ सैनिक मेले होते, तर संसर्गजन्य रोगांनी २७६१. इस्पितळाइस्पितळांची तुलना केली तेव्हा स्कुटारीची अवस्था सर्वांत भीषण दिसली. ज्या इमारतीत त्या दिवा घेऊन फिरत होत्या, त्या इमारतीनेच कित्येकांचा जीव घेतला होता. या शोधाचा धक्का त्यांना किती बसला, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते १८५७ मधील त्यांचे आजारपण त्यातूनच बळावले. इतरांना हे मान्य नाही. एवढे मात्र निश्चित की, त्यांनी ते आकडे दडपले नाहीत. उलट ते छापून राज्यकर्त्यांच्या मेजावर ठेवले.

१८५८ मध्ये सैन्याच्या आरोग्यावरील त्यांचा आठशेहून अधिक पानांचा अहवाल छापला गेला. कोष्टके पाहून मंत्र्यांचे डोळे मिटतात हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी एक गोल आकृती काढवली. पंख्याच्या पात्यांसारखे तिचे बारा भाग म्हणजे वर्षाचे बारा महिने. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. अशिक्षित माणसालाही एका दृष्टिक्षेपात कळावे की, निळ्या रंगाने बाकी सारे गिळून टाकले आहे. शांततेच्या काळातही, इंग्लंडमधील बराकींत राहणाऱ्या तरुण सैनिकांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी १७ ते २० होते. त्याच वयाच्या नागरिकांत ते अवघे ११. दरवर्षी अकराशे सैनिकांना मैदानात उभे करून गोळ्या घालण्यासारखेच हे आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

१८५९ मध्ये इस्पितळांच्या रचनेवरील त्यांचे पुस्तक आले व पाठोपाठ 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, क्रिमिया युद्धाच्या वेळी जनतेने दिलेल्या निधीतून, परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करून ते लिहून ठेवणे हा तेथील शिक्षणाचा भाग होता. सर्व इस्पितळांनी रुग्ण, रोग व मृत्यू यांच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात, अशी योजना त्यांनी त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे मांडली. काही इस्पितळांनी ती थोडा काळ वापरून पाहिली व नंतर सोडून दिली.

त्यांच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी प्रसूतीच्या प्रश्नावर लागली. किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूती विभाग सुरू झाला होता. हेतू उत्तम, शिस्त उत्तम. तरीही तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्या. १८६७ मध्ये तो विभाग बंद करण्यात आला. दुसऱ्या कोणी हा विषय तेथेच पुरला असता. फ्लॉरेन्सबाईंनी युरोपभरची माहिती जमवून १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्यापुढील आकड्यांनुसार प्रसूतिगृहांत दर हजारी सुमारे ३४ माता मरत होत्या, तर घरी प्रसूत होणाऱ्या, बहुधा गरीब, मातांमध्ये हे प्रमाण हजारी पाचहूनही कमी होते. दानशूरांनी बांधलेल्या वास्तूत येण्यापेक्षा आपल्या झोपडीत राहणे आईला अधिक सुरक्षित होते! असे का, हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला व पहिले उदाहरण स्वतःच्या संस्थेचे दिले.

एका बाबतीत त्या चुकल्या होत्या. रोग दूषित हवेने होतो, अशी त्यांची दीर्घकाळ समजूत होती व जंतुसिद्धान्त स्वीकारायला त्यांनी बराच वेळ घेतला. तरीही सांडपाणी, गर्दी व अस्वच्छता यांविरुद्ध त्यांनी सुचवलेले उपाय लागू पडले. कारण स्पष्टीकरण चुकीचे असले, तरी मोजमाप अचूक होते.

त्यांनी लावलेले हे रोप पुढे बराच काळ खुरटले. परिचारिकेने आज्ञा पाळावी, प्रश्न विचारू नयेत, अशी शिकवण रुजली. आणि खेदाने म्हणावे लागते की, धार्मिक संस्थांच्या रुग्णालयांतही तिला आज्ञाधारकपणाचा सद्गुण म्हणून गौरवले गेले. १९५२ मध्ये अमेरिकेत परिचर्येतील संशोधनाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. १९६२ मध्ये इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पाठ साबणाने वा स्पिरिटने चोळण्याची जुनी रीत होती. नॉर्टन यांना आढळले की, चोळण्याने नव्हे, तर रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवून दाब कमी केल्याने जखमा टळतात. कोणाला धोका अधिक, हे ओळखण्यासाठी त्यांनी शारीरिक अवस्था, मनाची जाणीव, चालणे-फिरणे, अंग हलवण्याची ताकद व मलमूत्रावरील ताबा अशी पाच लक्षणे गुणांनी मोजण्याची पद्धत दिली. आपल्या घरी आजी-आजोबा अंथरुणावर असतील व परिचारिका दर दोन तासांनी त्यांना वळवायला सांगत असेल, तर ती या परंपरेतूनच बोलत असते. अलीकडे, २०१४ मध्ये, लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी युरोपातील ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांतील ४ लाख २२ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर एक रुग्ण जादा सोपवला की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसून आले. आमच्या कॅथलिक रुग्णालयांच्या विश्वस्तांनी अंदाजपत्रक करताना हा आकडा समोर ठेवावा, असे सुचवण्याचे धाडस आम्ही करतो.

फ्लॉरेन्सबाईंच्या जीवनाचा एक मोठा भाग आपल्या देशाशी जोडलेला आहे. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. आजारपणामुळे त्यांचे बरेचसे काम अंथरुणावरूनच चाले. १८५९ मध्ये हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यावर शाही आयोग नेमला गेला, तेव्हा येथील छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून आलेल्या उत्तरांचा ढीग त्यांनी लंडनमध्ये बसून उपसला. १८६३ चा तो अहवाल दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ होते. पाणी, निचरा व बराकींच्या सुधारणांनंतर १८७३ च्या सुमारास ते १८ वर आले, असे त्यांनी दाखवून दिले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा स्नेह होता व मुंबई शहरातील स्वच्छतेच्या कामाकडे त्यांचे बारीक लक्ष असे.

प्रारंभी गोऱ्या सैनिकांपुरता असलेला त्यांचा विचार पुढे रयतेकडे वळला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने त्या व्यथित झाल्या. दख्खनच्या शेतकऱ्याचे कर्ज, पाटबंधारे, शेतसारा यांवर त्या लिहू लागल्या. कॅथलिक झालेले व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सुधारणांना त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. खेड्यांच्या स्वच्छतेचे काम सभेने हाती घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. १८९० च्या दशकात त्यांनी सुचवले की, गावोगावी व्याख्याने द्यावीत व जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने घाण पाण्यातील सूक्ष्म जीव लोकांना पडद्यावर दाखवावेत. जंतूंविषयी एकेकाळी साशंक असलेल्या या वृद्ध स्त्रीने तोवर आपले मत बदलले होते.

मदर क्लेअर यांच्याशी त्यांची मैत्री मदर १८७४ मध्ये निवर्तल्या तोवर टिकली. मदर त्यांना संत तेरेजा, क्रूसाचा संत योहान व सिएनाची संत कॅथरिन यांचे ग्रंथ वाचायला पाठवीत. सरकारी अहवालांच्या गठ्ठ्याशेजारी हे ग्रंथही त्यांच्या खोलीत असत.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली व स्मृतीही मंदावली. १९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला, तो मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा प्रस्ताव कुटुंबीयांनी त्यांच्या इच्छेनुसार नम्रपणे नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी त्यांना मातीआड करण्यात आले. थडग्यावर त्यांचे पूर्ण नाव नाही. नावाची दोन आद्याक्षरे, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख एवढीच नोंद तेथे आहे.